माळ्यावरचा उजेड

जुन्या घराचा किंवा देवस्थानच्या एखाद्या जुन्या वास्तूचा जीर्णोद्धार करावयाचे ठरले, म्हणजे जी मंडळी विचाराला बसतात त्यांच्या बैठकीत एक सूचना हटकून पुढे येते : माळ्यावर उजेड आणावा. चुना कोणता वापरावा, फरशी कोणती घालावी, जुने खांब ठेवावेत की काढावेत, यांवर तासन् तास वाद होतात. उजेडाच्या सूचनेला मात्र विरोधक मिळत नाही. मिळणार कसा? आपल्या भाषेत उजेड म्हणजे ज्ञान, उजेड म्हणजे मांगल्य. अंधार हा शब्द तर आपण बहुधा दोष दाखविण्यासाठीच वापरतो. परिणाम असा होतो की, जी गोष्ट सर्वांत बारकाईने तपासावयास हवी तीच बिनविरोध मंजूर होते, आणि पुढच्या मृगात छपरातून ठिबकू लागते.

ह्या सूचनेचा मी शत्रू नाही. किंबहुना जुन्या घराच्या माळ्यावर माणसाने वावरावे ह्याच मताचा मी आहे, आणि ते का, हे पुढे येईल. परंतु उजेड आणण्याची जी रीत सांप्रत रूढ होऊ पाहत आहे, ती परदेशातील एका चांगल्या रीतीची कच्ची नक्कल आहे असे मला वाटते. मूळ रीत कशासाठी जन्मली, ती कोठे शोभली आणि आपल्या आभाळाखाली ती का फसते, याचा विचार झाल्यावाचून कोणाही महाजनांनी वा घरमालकाने सुताराला करवत घेऊन छपरावर चढवू नये.

आम्हा वकिलांच्या शास्त्रात उजेडाला मोठा मान आहे. इंग्लंडात १८३२ च्या प्रिस्क्रिप्शन अ‍ॅक्टाने असे ठरविले की, एखाद्या इमारतीने वीस वर्षे अखंड उजेड उपभोगला असेल तर तिचा त्यावरील हक्क पक्का होतो. शेजाऱ्याने मध्ये भिंत उभारून तो अडवू नये. लंडनमधील काही जुन्या घरांच्या खिडक्यांखाली ‘एन्शंट लाइट्स’, म्हणजे पुरातन उजेड, अशा पाट्या दिसतात त्या ह्याच हक्कापायी. आपल्याकडील १८८२ च्या ईझमेंट्स अ‍ॅक्टाच्या कलम १५ मध्येही वीस वर्षांचीच मुदत आहे. पुढे १९०४ साली कॉल्स विरुद्ध होम अँड कलोनियल स्टोअर्स ह्या खटल्यात हाउस ऑफ लॉर्ड्सने एक शहाणपणाची गोष्ट सांगितली. किती उजेड गेला एवढेच मोजून भागत नाही. जो उरला तो माणसाच्या सामान्य गरजेला पुरतो की नाही, ते पाहावे लागते.

जुन्या घरांच्या संदर्भात मला या निवाड्याची नेहमी आठवण होते. उजेड किती आणता येईल हा प्रश्न आपण विचारतो. किती पुरेल, हा विचारीत नाही. आणि दुसरे असे की, पुरातन उजेडाचा हक्क कायदा मानतो, पुरातन अंधाराची कैफियत मात्र कोणी दाखल करीत नाही. जो माळा शंभर-दीडशे वर्षे अंधारा राहिला, त्याच्या अंधारालाही काही प्रयोजन असेल, हे मनात यावयास नको काय?

ते प्रयोजन गूढ नाही. गोव्यातील आणि कोकणातील चिरेबंदी घराचा माळा ही मुळात राहण्याची जागा नव्हे. आभाळ आणि घर यांच्यामध्ये ठेवलेली ती एक पोकळी आहे. वर तापणारे कौल, त्याखाली हवेचा थर, त्याखाली लाकडी तक्तपोशी, आणि मग खाली माणसे. कौलांच्या सांध्यांतून तापलेली हवा निसटून जाते, वळचणीकडून दुसरी आत शिरते. पावसाळ्यात वासे आणि रिपा ओल धरतात. पण त्याच फटींतून वारा खेळत असल्यामुळे त्या पुन्हा वाळतात, म्हणून लाकूड पिढ्यान् पिढ्या टिकते. ह्या पोकळीत नारळाचे ढीग पडत, लग्नकार्यातली मोठी तांब्याची भांडी पालथी असत. देवस्थानच्या अग्रशाळेचा माळा असेल तर तेथे उत्सवाचे लाकडी सामान, पालखीचे जुने भाग, वस्त्रे, दप्तरे. त्या वस्त्रांवरचा रंग आज ओळखू येतो याचे बरेचसे श्रेय त्या अंधाराला आहे. उजेडाने होणारी इजा साठत जाते. भरपूर उजेडात थोडा वेळ ठेवले काय, आणि थोड्या उजेडात दीर्घकाळ ठेवले काय, कापड आणि कागद दोन्हींचा हिशेब एकाच वहीत मांडतात.

पूर्ण काळोख आपल्या घरांतही कधी नव्हता. स्वयंपाकघराच्या छपराला धूर जाण्यासाठी सवणे ठेवीत, त्यातून उजेडाचा एक कवडसाही उतरे. त्रिकोणी भिंतीत आढ्याखाली लाकडी जाळी असे. १८६५ साली बासेल मिशनने मंगळुरास कौलांचा कारखाना काढल्यानंतर चपटी, एकमेकांत खाचणारी मंगळुरी कौले सर्वत्र पसरली आणि पुढे त्याच साच्याचे काचेचे कौलही मिळू लागले. पायऱ्या चढताना ठेच लागू नये, नारळ कोणता आणि हंडा कोणता ते कळावे, एवढ्यापुरते एखादे काचेचे कौल माळ्यावर बसवीत. हाउस ऑफ लॉर्ड्सची कसोटी आमच्या सुतारांना न वाचताच ठाऊक होती, असे म्हणावयास हरकत नाही.

माळ्यावर राहण्याची कल्पना मुळात थंड मुलखाची, आणि तिच्या वाढीत कायद्याचाही हात आहे. छपराला दोन उतार द्यावयाचे, खालचा जवळजवळ भिंतीसारखा उभा आणि वरचा सपाटीकडे झुकलेला, ही पद्धत फ्रान्स्वा मान्सार (१५९८–१६६६) ह्या फ्रेंच वास्तुकाराच्या नावाने ओळखली जाते. ती त्याच्या आधीपासून होती, नाव त्याचे झाले. खालच्या उभ्या उतारात खिडकी बसविली की माळ्याची खोली होते. पुढे १७८३ साली पॅरिसमधील इमारतींच्या उंचीवर राजनियमाने मर्यादा घातली; परंतु उंची मोजावयाची ती भिंतीच्या माथ्यापर्यंत. मालकांनी हे अचूक हेरले आणि भाडेकरूंची एक जादा रांग छपराच्या पोटात शिरली. कायद्याने दार लावून घेतले की माणूस धुराड्यातून येतो, हे सर्व देशांत सारखेच.

ह्या उभ्या खिडकीहून निराळी, छपराच्या उतारातच आडवी पहुडलेली खिडकी मात्र अलीकडची आहे. डेन्मार्कमध्ये व्हिलुम कान रासमुसेन ह्या इंजिनिअराने १९४१ साली व्हेलक्स हा उद्योग सुरू केला. वायुवीजन आणि उजेड या अर्थांच्या दोन शब्दांची जोड त्या नावात आहे. १९४२ साली त्याच्या पहिल्या खिडक्या एका शाळेच्या छपरात बसल्या. देश तेव्हा जर्मनांच्या ताब्यात होता, बांधकामाचे साहित्य दुर्मिळ होते, आणि वापरावाचून पडून असलेले माळे घरोघर होते. भिंतीतल्या खिडकीला अर्धेच आभाळ दिसते आणि त्यातही समोरचे घर आडवे येते. छपरातल्या खिडकीला जवळजवळ सारे आभाळ दिसते. म्हणून तेवढ्याच आकाराच्या काचेतून कितीतरी अधिक उजेड आत येतो. जेथे हिवाळ्यात दिवस सात तासांचा आणि सूर्य क्षितिजाला टेकलेला, तेथे ही युक्ती माणसाच्या जिवाला आधार देणारी ठरली यात नवल नाही. युरोपातील असंख्य जुनी घरे आज जी वस्तीत आहेत, ती ह्या खिडकीमुळे. तिची निंदा करणे हा कृतघ्नपणा होईल.

तथापि साधे जुने घर आणि ऐतिहासिक वास्तू यांत फरक करावा लागतो, आणि तो कसा करावा याचे माझ्या मते सर्वांत विचार करण्याजोगे उदाहरण लंडनच्या वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीत घडले आहे. तिसऱ्या हेन्री राजाने १२४५ पासून ह्या देवालयाची पुनर्रचना आरंभिली. मधल्या उंच दालनाच्या दोन्ही अंगांस ज्या ओवऱ्या आहेत, त्यांच्या कमानदार छताच्या वर आणि उतरत्या छपराच्या खाली एक रुंद माळा फिरतो. त्याला तेथे ट्रायफोरियम म्हणतात. जमिनीपासून त्याची उंची सुमारे १६ मीटर. एवढ्या प्रशस्त माळ्यावर अधिक पूजास्थाने मांडण्याचा मूळ विचार असावा, असे अभ्यासक मानतात. पण तसे झाले नाही, आणि शतकानुशतके तेथे अडगळ साठत गेली. राज्याभिषेकासारख्या प्रसंगी तेवढे वर कोणी चढे. १९५३ च्या राज्याभिषेकाचे धावते वर्णन ह्याच उंचीवरून झाले. एरवी अरुंद चक्री जिना, धूळ आणि कबुतरे.

२०१८ च्या जूनमध्ये ह्या माळ्याच्या पूर्वेकडील भागात संग्रहालयाची दालने उघडली. मला ह्या कामातील पहिली गोष्ट महत्त्वाची वाटते ती ही की, उजेडासाठी छपराला भोक पाडलेले नाही. तेराव्या शतकातील कारागिरांनी बाहेरच्या भिंतीत वक्र भुजांच्या त्रिकोणाकार खिडक्या ठेवूनच दिल्या होत्या. त्यांच्यापुढची अडगळ हलली, शतकांची धूळ निघाली, आणि माळा उजळला. उजेड नवा आणावा लागला नाही, होता तो मोकळा करावा लागला. साफसफाईत कमानींच्या पाठीवरच्या खोबणींतून जो कचरा निघाला, त्यात रंगीत काचेचे हजारो तुकडे सापडले. ते फेकून न देता त्यांतील काही नव्या जोडमार्गाच्या खिडक्यांत शिशाच्या पट्ट्यांत बसविले. आपल्याकडे जीर्णोद्धारात निघालेले जुने लाकूड कोठे जाते, याचा वाचकांनी मनाशी विचार करावा. बहुधा ते स्वयंपाकाच्या चुलीत जाते आणि त्याच्या जागी सागाच्या रंगाचे सिमेंट येते.

दुसरी गोष्ट त्याहून सूक्ष्म. माळा उजळला, आणि मग तो उजेड आवरावा लागला. तेथे राजाराण्यांचे लाकडी व मेणाचे पुतळे आहेत, राज्याभिषेकविधीची चौदाव्या शतकातील हस्तलिखित पोथी आहे, जुनी वस्त्रे आहेत. कापड आणि कागद यांना संग्रहालयांत साधारण ५० लक्सहून अधिक उजेड देऊ नये असा दंडक आहे. एका मेणबत्तीपासून एक मीटरवर जो उजेड पडतो तो सुमारे १ लक्स. यावरून ५० म्हणजे किती थोडा हे ध्यानात येईल. उघड्या उन्हाचा आकडा १,००,००० च्या घरात जातो. तेव्हा माळ्यावर कोठे माणसासाठी उजेड राहू द्यावयाचा आणि कोठे वस्तूसाठी काळोख जपावयाचा, याची वाटणी करावी लागते. वकिलाला वाटणीचा हा प्रकार परिचित आहे : दोन्ही वारस खरे, मालमत्ता एकच.

वर चढण्यासाठी बाहेरच्या बाजूस, चॅप्टर हाउस आणि सातव्या हेन्रीचे प्रार्थनागृह यांच्या बेचक्यात, टॉलेमी डीन ह्या वास्तुकाराने नवा मनोरा उभारला. पायऱ्या १०८, बरोबर उद्वाहकही. १७४५ साली पश्चिमेकडील जोडमनोरे पुरे झाल्यानंतर अ‍ॅबीत एवढी ठळक भर प्रथमच पडली. मी हा मनोरा आराखड्यांत आणि छायाचित्रांत पाहिला आहे, प्रत्यक्ष नव्हे. तेवढ्यावरून बोलावयाचे तर तो किंचित नटवा आहे. एकावर एक फिरवून ठेवलेल्या दोन चौकोनांचा तारकाकृती पाया, शिशाने मढविलेले अंग, वर टोके. शेजारी खरे गॉथिक काम असताना इतक्या कोनांची हौस कशाला, असे वाटल्यावाचून राहत नाही. पण त्याचे स्थान बिनचूक आहे. जे नवे करावयाचे ते सारे बाहेर ठेवले. उद्या कोणाला तो नको वाटला तर मूळ वास्तूचा फारसा अवयव न तोडता तो काढता येईल. १९६४ च्या व्हेनिस सनदेच्या कलम ५ मध्ये जुन्या वास्तूचा समाजोपयोगी वापर व्हावा, पण त्यापायी तिची मूळ मांडणी व सजावट बदलू नये, असे तत्त्व घातले आहे. सनदा पुष्कळ होतात. ह्या कामात तत्त्व कागदावरून दगडावर आलेले दिसते.

आता आपल्याकडे यावे. मी मघाशी नक्कल म्हटले, ती ह्या अ‍ॅबीची नव्हे. अ‍ॅबीची नक्कल कोणी केली असती तर मी हा लेख लिहिला नसता. नक्कल होते ती डेन्मार्कच्या खिडकीची. आणि खिडकी आणताना तिच्यावरचे आभाळ आपण आणीत नाही.

लंडनला २१ जूनच्या मध्यान्ही सूर्य क्षितिजापासून ६२ अंश वर येतो, डिसेंबरात अवघा १५. पणजीला डिसेंबरातला सर्वांत खालचा मध्यान्हीचा सूर्यही ५१ अंशांवर असतो. म्हणजे आमचा थंडीतला सूर्य त्यांच्या मार्चमधल्या सूर्यापेक्षाही उंच. मेच्या पहिल्या आठवड्यात तो बरोबर डोक्यावर येतो, पुढे मध्यान्ही उत्तरेकडे कलतो, आणि ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात पुन्हा डोक्यावरून दक्षिणेकडे जातो. बेळगावलाही एखाद्या दिवसाच्या फरकाने हेच. युरोपातील ग्रंथ वाचून आलेले तरुण वास्तुकार सांगतात की, छपरातली खिडकी उत्तरेच्या पाख्यावर ठेवा, तिकडून ऊन येत नाही, चित्रकार नाही का उत्तरेच्या उजेडात चित्रे काढीत? पॅरिसात ते खरे. आमच्याकडे वैशाखात, जेव्हा ऊन सर्वांत नकोसे असते, नेमके तेव्हाच ते उत्तरेच्या पाख्यावरून आत उतरते. इंदुरास आणि बडोद्यास सूर्य जूनमध्ये थोडे दिवस डोक्यावर येतो. ग्वाल्हेर कर्कवृत्ताच्या उत्तरेस, तेथे तो कधीच डोक्यावर येत नाही, पण म्हणून ग्वाल्हेरच्या ज्येष्ठातल्या दुपारी कोणी छपरात काच बसवील असे मला वाटत नाही. प्रत्येक गावाचा सूर्य निराळा आहे, एवढे ध्यानी आले तरी पुष्कळ.

उन्हाहून पाऊस वाईट. लंडनला वर्षाकाठी ६०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि तो बारा महिन्यांत विखुरलेला. गोव्यात ३००० च्या घरात, बहुतेक सारा चार महिन्यांत. मंगळुरी कौलांचे छप्पर पाणी अडवीत नाही, ते पाण्याला वाट देते. प्रत्येक कौल खालच्यावर चढलेले असते आणि पाणी अडखळता कामा नये. त्या वाटेत चौकट बसली की तिच्या वरच्या कडेशी पाणी थबकते, आंब्याफणसाचा पाला साचतो, आणि मग कितीही डांबर ओता, पाणी आपला मार्ग शोधतेच. शिवाय चौकटीसाठी वासे कापावे लागतात. वाशाचे अंतर जुन्या सुताराने कौलांच्या वजनावर बेतलेले असते. मधला वासा कापून त्याचा भार शेजारच्या दोघांवर टाकणे म्हणजे तीन भावांच्या कर्जाला दोघांना जामीन ठेवण्यासारखे आहे.

असे एक घर मी अलीकडेच पाहिले. गाव सांगत नाही, मालक सज्जन आहेत. शतकाहून जुने घर, पुढे ओसरी, आत चौक, दाराशी तुळशीवृंदावन. जीर्णोद्धार उत्तम हेतूने आणि पुष्कळ खर्चाने झाला. रस्त्याकडील पाख्यावर सहा मोठ्या काचा बसविल्या, कौलांखाली फळ्यांचे अस्तर घालून सांधे बंद केले, माळ्यावर दोन खोल्या काढल्या. पहिल्या मे महिन्यात त्या खोल्यांत कोणी थांबू शकले नाही. पहिल्या पावसात सहापैकी चार काचांच्या कडा ओलावल्या. दुसऱ्या पावसाच्या आधी सर्व काचांवर निळी ताडपत्री आली, आणि आतून पडदे. मी गेलो तेव्हा दिवसाचे अकरा वाजले होते आणि त्या दिवसाउजेडासाठी बांधलेल्या खोलीत विजेचा दिवा लावून आम्ही बोलत बसलो. फळ्यांचे अस्तर मी हाताने चाचपून पाहिले. ते दमट होते. वारा बंद झालेल्या वाशांना ओल किती दिवसांत खाईल याचा अंदाज तेथल्या वृद्ध सुताराने मला सांगितला, पण तो मालकांच्या देखत सांगितला नाही.

येथे कोणी म्हणेल, मग माळे आहेत तसेच ठेवा. नेमके हेच मला मान्य नाही, आणि याचे कारण माझ्या व्यवसायात आहे. जुने घर पडते ते क्वचितच पावसाने. ते वाटणीने पडते. घर एक, वारस अनेक, त्यांतले निम्मे मुंबईला किंवा समुद्रापलीकडे. जो मागे राहतो त्याला राहण्यास, मुलाला अभ्यासास, सुनेला आपले असे म्हणण्यास एक खोली हवी असते. आणि ती जुन्या घरात फक्त माळ्यावरच निघू शकते. एका प्रकरणात धाकट्या भावाने माळा मागितला. थोरल्याचे म्हणणे, वडिलांच्या छपराचे एकही कौल हलणार नाही. त्याची भावना खोटी नव्हती. धाकटा शहरात भाड्याने राहावयास गेला, घराला कुलूप पडले. शाकारणी एक वर्ष चुकली, मग दुसरे. तिसऱ्या पावसाळ्यात माजघरावरचे आढे खाली आले. मी त्या दाव्यात एका पक्षातर्फे होतो, म्हणून अधिक लिहिणे उचित नाही. एवढेच सांगतो की, जे कौल हलू नये म्हणून भांडण झाले त्यांचा ढीग पुढे पंचनाम्यात मोजला गेला.

तेव्हा माळ्यावर माणूस हवा, म्हणून उजेड हवा. तो कोठून घ्यावा याचे उत्तर जुने घर स्वतःच देते. त्रिकोणी भिंतीतली जाळी आधी साफ करावी. पुष्कळदा ती घुशी-पाखरांच्या भयाने पत्र्याने बुजविलेली असते. मग चौकाकडे उतरणारे पाखे पाहावे. ते रस्त्यावरून दिसत नाही, त्यामुळे घराचा चेहरा बिघडत नाही. आणि चौक स्वतःच उजेडाचे टाके असल्याने तेथून घेतलेला उजेड भिंतींवर आपटून मऊ होऊन येतो. तेथे काचेची कौले बसवावीत. शंभर चौरस फुटांना साधारण दीडशे मंगळुरी कौले लागतात; म्हणजे एका कौलाच्या जागी पाऊण चौरस फुटाहूनही कमी काच येते. सहा-आठ कौले दूर दूर विखरून बसविली तर ढगाळ दिवशीही खाली पुस्तक वाचता येते, आणि एकाच जागी उन्हाचा झोत पडत नाही. वासा कापावा लागत नाही, रीपही नाही. नको वाटली तर काढून मातीची कौले पुन्हा ठेवता येतात. व्हेनिसला सनद करणाऱ्यांनाही याहून अधिक काय हवे होते? ऊन फार झाले तर काचेखाली पातळ पांढरे कापड ताणावे. आपल्याकडे पूर्वी खिडक्यांना शिंपल्यांची तावदाने असत, चपट्या शिंपल्यांचे चौकोनी तुकडे लाकडी पट्ट्यांत बसविलेले. त्यांतून येणारा दुधाळ उजेड ज्यांनी पाहिला आहे त्यांना मी काय म्हणतो ते कळेल. काच आली आणि ती तावदाने गेली. आपण उजेड वाढविला, त्याचा पोत मात्र घालविला.

देवस्थानांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट. गाभाऱ्याचा अंधार कोणी हलवू पाहत नाही, तो समईचाच प्रदेश आहे. अडचण अग्रशाळांची आणि सभामंडपावरच्या माळ्यांची होते. तेथे यात्रेकरूंसाठी खोल्या हव्यात, आणि तेथेच जुने दप्तर व वस्त्रे पडलेली असतात. माणसासाठी उजेड आणावयाचा असेल तर वस्तू आधी दुसरीकडे, अंधाऱ्या आणि कोरड्या जागी, हलवाव्यात. त्यांची यादी करावी. यादीवर महाजनांच्या सह्या घ्याव्यात. हा क्रम उलटा झाल्याचे मी पाहिले आहे. खिडकी आधी झाली, आणि जरीच्या एका जुन्या पालखीवस्त्रावर दोन उन्हाळ्यांत जाळीच्या आकाराचा फिकट ठसा उमटला.

काचेच्या कौलाचा एक दोष सांगितलाच पाहिजे. त्यावर शेवाळ धरते. एका पावसाळ्यात ते हिरवे होते, दोन पावसाळ्यांत माळा पुन्हा पूर्वीसारखा अंधारा होतो. म्हणून दरवर्षी पाऊस ओसरल्यावर, नवरात्राच्या आधी, कोणी तरी वर चढून ती कौले उचलून, नारळाच्या काथ्याने घासून परत ठेवावी लागतात. जो माळ्यावर राहतो तोच हे काम करतो, कारण अंधार त्याचाच होतो. आणि वर चढला म्हणजे शेजारचे फुटके कौलही त्याच्या नजरेस पडते.